मावशींची पाळत

मावशींच्या गाडीत बसलेल्या माणसाला थोड्याच वेळात कळायचं, की आपली झडती चालू आहे. हात न लावता, पण झडतीच. मावशींनी समोरच्या काचेवर एक सोडून दोन आरसे बसवून घेतले होते. एक मागच्या गाड्या बघायला आणि दुसरा मागची माणसं बघायला. कोणी सीटखाली काय ढकललं, कोण फोनवर बोलता बोलता एकदम हळू आवाजात बोलायला लागलं, सगळं त्यांना त्या आरशात दिसायचं. उतरताना कुणी म्हणालंच, "मावशी, तुमचं रस्त्यावर लक्ष असतं की आमच्यावर?" तर त्या म्हणायच्या, "रस्ता कुठे पळून जातोय?"

मावशी हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. ही पोरं परदेशातून शिकायला आलेली, प्रत्येकाची भाषा वेगळी, पण आधी आलेली पोरं नव्या पोरांना बँक कुठे, दवाखाना कुठे, याच्याबरोबर हाही शब्द शिकवून जायची. विद्यापीठ शहराबाहेर, हमरस्त्याच्या पलीकडच्या उजाड माळावर होतं. शहराची बस शेवटच्या चौकापर्यंत यायची आणि तिथूनच तोंड फिरवून परत जायची. चौकापासून वसतिगृहापर्यंत हमरस्त्याच्या कडेने चालायचं. त्या कडेला फुटपाथ म्हणून काही नव्हतं. इथल्या पोरांकडे स्वतःच्या नाहीतर बापाच्या गाड्या होत्या. परदेशी पोरांनी करायचं काय? कुणी सायकल घेतली, पण ट्रक शेजारून गेला की सायकलसकट माणूस हलायचा. चौघांनी मिळून एक जुनी मोटार घेतली, तर त्यांच्या देशाचं लायसन काही महिन्यांनी इथे चालेनासं झालं आणि मोटार झाडाखाली धूळ खात पडली. फोनवरून टॅक्सी बोलवावी, तर जायचं ठिकाण बघूनच टॅक्सीवाला रद्द करायचा. उरली वसतिगृहाच्या गेटपासून स्टेशनपर्यंत धावणारी मावशींची पांढरी, सरकत्या दाराची गाडी आणि तिच्याशी स्पर्धा करणाऱ्या एका माणसाच्या दोन निळ्या गाड्या. हा निळ्या गाड्यांवाला पाऊस बघून भाडं वाढवायचा. मावशी तसं करत नव्हत्या, म्हणून पोरं त्यांच्याकडे यायची.

मावशी जन्मापासून संशयी नव्हत्या. पूर्वी त्या शाळेची बस चालवायच्या आणि लहान मुलांच्या गोंगाटात रमलेल्या असायच्या. नवरा लवकर गेला. मग त्यांनी आणि धाकट्या दिराने भागीत पहिली गाडी घेतली. पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी मावशी दवाखान्यात होत्या, तेवढ्यात दिराने ती गाडी परस्पर विकली आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेला. देश एवढा अवाढव्य, की कुणी हरवायचं ठरवलं तर सापडायचं नाव नाही. तेव्हापासून मावशी पेट्रोल भरताना खाली उतरून मीटरकडे टक लावून उभ्या राहायच्या. गॅरेजवाल्याने पार्ट बदलला की जुना पार्ट हातात मागायच्या. लेकीचं लग्न ठरलं, तेव्हा मुलगा सिटी बसच्या डेपोत वेळापत्रकाच्या खात्यात आहे असं कळलं होतं. मावशी कुणाला न सांगता डेपोत गेल्या आणि खिडकीतून बघून आल्या. मुलगा खरंच तिथे होता. डबा खात होता. लग्न झालं.

त्या वर्षी गाडीत चष्मेवाली यायला लागली. मातीवर संशोधन करायला आलेली, हडकुळी, मोठ्या चष्म्याची मुलगी. तिचा देश फार छोटा होता. "आमच्याकडे सकाळी घरातून निघालं की जेवायच्या वेळेपर्यंत देश संपतो," ती म्हणाली होती. "इथे जेवणं होतात, झोपा होतात, तरी तोच देश." तिला मागे बसलं की मळमळायचं, म्हणून मावशींनी नाइलाजाने पुढच्या सीटवरचा थर्मास उचलून तिला जागा दिली. खरं तर मावशी तिथे कुणाला बसू द्यायच्या नाहीत. शेजारी बसलेला माणूस आरशात दिसत नाही.

आणि शेजारी बसल्यावर चष्मेवालीने प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"मावशी, शनिवारी जास्त गर्दी असते की रविवारी?"

"दोन्ही दिवशी असते."

"आज गेटवर काही जण मागे राहिले ना? ते कसे येतील?"

"येतील कसे तरी."

"तुम्ही आजारी पडलात तर गाडी कोण चालवतं?"

"मी आजारी पडत नाही."

"पण पडलात तर?"

मावशींनी गिअर बदलला, तो जरा जोरातच. "तुला काय करायचंय गं?"

चष्मेवाली खिडकीबाहेर बघायला लागली, पण पुढच्या खेपेला पुन्हा तेच. ट्रेन चुकली तर पुढची केव्हा, परीक्षेच्या दिवसांत किती फेऱ्या होतात, शेवटच्या चौकात वळायला किती जागा लागते. एकदा तर तिने त्या चौकातच उतरवायला सांगितलं. मावशींनी आरशात बघितलं. ही बया रस्त्याच्या मधोमध उभी राहून इकडेतिकडे बघत होती आणि फोनमध्ये काहीतरी टिपत होती.

मावशींच्या मनात पाल चुकचुकली. एवढ्या चौकशा कोण करतं? ज्याला धंदा करायचाय तो. चष्मेवालीला गाडी येत नव्हती, म्हणजे ती स्वतःसाठी विचारत नव्हती. मग कुणासाठी? निळ्या गाड्यांवाला हल्ली स्टेशनवर फारच गोड बोलायला लागला होता. परवा तर त्याने मावशींना चहाही विचारला होता. मावशींनी नाही म्हटलं होतं, पण चहा विचारला, हे त्या विसरल्या नव्हत्या.

त्यांनी सापळा लावायचं ठरवलं.

शनिवारी स्टेशनवर गाडी रिकामी होताना त्या चष्मेवालीला अगदी सहज म्हणाल्या, "उद्या काही मी यायची नाही. गाडी गॅरेजला टाकायचीय."

"उद्या? दुपारच्या ट्रेनला पण नाही?"

"नाही. आणि उगाच गावभर सांगू नकोस."

बातमी निळ्या गाड्यांवाल्याकडे पोचली, तर तो रविवारी दुपारी गेटवर हजर असणार. मग खबर देणारी कोण, हे वेगळं सांगायला नको. मावशी स्वतःवर खूश होऊन घरी गेल्या.

रविवारी दुपारी त्यांनी गाडी वसतिगृहासमोरच्या बंद पडलेल्या टायरच्या दुकानामागे लावली आणि पत्र्याच्या फटीतून गेटकडे बघत बसल्या. गेटवर ट्रेनला जाणारी पोरं जमायला लागली. चष्मेवालीने खरोखरच कुणाला काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे सगळी नेहमीसारखी बॅगा घेऊन मावशींची वाट बघत उभी होती. हातावरच्या घड्याळात बघत होती. एकाने मावशींना फोन लावला. मावशींच्या मांडीवर फोन थरथरला. त्यांनी तो उलटा करून ठेवला.

निळी गाडी आली नाही.

बराच वेळ झाल्यावर पोरं चालायला लागली. हमरस्त्याच्या कडेने, एकामागे एक. सामानाने भरलेला ट्रक गेला की सगळ्यांचे कपडे एका बाजूला उडायचे आणि रांग थांबायची. एक मुलगी चाकांची बॅग ओढत होती. खडीवर चाकं फिरत नव्हती, म्हणून तिने बॅग उचलून डोक्यावर घेतली, पुन्हा खाली ठेवली, शेवटी पोटाशी धरली. रस्त्याच्या कडेच्या चरात तिचा पाय गेला आणि ती बॅगेसकट खाली बसली. पुढच्याने मागे येऊन तिला उठवलं. मावशींचा हात किल्लीवर गेला. एका मिनिटात त्या तिथे पोचल्या असत्या.

तेवढ्यात गेटसमोर एक करड्या रंगाची छोटी मोटार येऊन थांबली. ती मोटार मावशी लाखात ओळखल्या असत्या, कारण मागच्या दाराचा पोचा त्यांच्याच हातून पडला होता. जावयाची मोटार. गेटमधून चष्मेवाली आली, इकडेतिकडे बघितलं आणि पुढच्या सीटवर बसली.

लेक पोटुशी, पाचवा लागलेला. आणि जावई रविवारी दुपारी परक्या पोरीला गाडीत घालून फिरवतोय. निळ्या गाड्यांवाला एका क्षणात डोक्यातून गेला. रस्त्याने चालणारी पोरंही गेली.

त्यांनी मोटारीमागे गाडी घातली, बरंच अंतर ठेवून. मोटार चौकापर्यंत गेली, वळली, पुन्हा गेटकडे आली. मग मध्येच थांबली. दोघं उतरली. जावयाने खिशातून टेप काढली, एक टोक चष्मेवालीच्या हातात दिलं आणि दुसरं टोक घेऊन उलटा उलटा चालत गेला. चष्मेवाली काहीतरी म्हणाली, तो हसला. मावशींना काही केल्या याची संगती लागेना. प्रेमात पडलेली माणसं टेप घेऊन कशाला हिंडतील? पण संशय एकदा आत शिरला की स्वतःची सोय लावून घेतो. जागा मोजतायत, मावशींच्या मनात आलं. घर बांधायला जागा मोजतायत.

त्या थेट लेकीकडे गेल्या. लेक पलंगावर उशीला टेकून बसली होती, पाय सुजलेले.

"जावईबापू कुठे गेलेत?"

"ऑफिसात. जादा काम आहे म्हणाले," लेकीने त्यांच्याकडे न बघता सांगितलं.

"रविवारी?"

"बस काय रविवारी बंद असतात, आई?"

मावशी खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवून बसल्या. लेकीने दोनदा चहाचं विचारलं. नको. जावई आला, दारातच सासूला बघून थबकला. त्याच्या बुटांना माळावरची लाल माती लागली होती.

"डेपोत हल्ली लाल माती टाकलीय वाटतं," मावशी म्हणाल्या.

"आई, तुम्ही... केव्हा आलात?"

"कोण आहे ती?"

"कोण?"

"मी डोळ्यांनी बघितलंय. गाडीत बसली ती. टेप धरली ती. माझी लेक इथे पाय सुजवून बसलीय आणि तुम्ही त्या पोरीबरोबर रस्त्यावर खिदळताय! लाज नाही वाटत?"

जावयाचा चेहरा आधी पांढरा पडला, मग त्याला हसू यायला लागलं आणि मग ते हसूही जागच्या जागी विरलं. त्याने बायकोकडे बघितलं. लेकीने मान खाली घातली.

"आई, मला माहीत आहे सगळं," ती म्हणाली. "तुला सांगू नका, असं मीच म्हटलं होतं."

हे ऐकून मावशींना काय वाटलं असेल! नवऱ्याचं लफडं लेकीलाच ठाऊक! त्या उठायला लागल्या, तेव्हा जावयाने त्यांना खुर्चीवर बसवलं आणि पुढ्यात उकिडवा बसला.

"बस न्यायचीय आम्हाला तिथे," तो म्हणाला. "चौकातून वसतिगृहापर्यंत. पोरांनी अर्ज केलाय. ती मुलगी त्यांच्या वतीने येते. गेटसमोर बस वळते का, ते बघत होतो. वरच्यांना मोजमाप दाखवल्याशिवाय ते ऐकत नाहीत."

लफडं नव्हतं. छातीवरचा एक धोंडा उतरला. पण त्याच जागी दुसरा येऊन बसला.

"म्हणजे माझ्या पोटावर पाय," त्या म्हणाल्या. "आणि तो देणार कोण, तर घरचीच माणसं."

"म्हणूनच सांगवलं नाही," लेक म्हणाली. "आई, तुला ताप आला होता, आठवतंय? आठवडाभर गाडी बंद होती. तेव्हा त्या मुलीला परवान्याच्या कचेरीत जायचं होतं. राहायचा परवाना, दुसऱ्या शहरात मिळतो तो. तुझी गाडी नाही, निळ्या गाड्यांवाल्याने तोंडाला येईल ते भाडं सांगितलं. ती चालत निघाली आणि ट्रेन चुकली. कचेरीने पुढची तारीख दिली ती परवाना संपल्यानंतरची. जवळजवळ घरी पाठवलं असतं तिला."

मी आजारी पडत नाही, असं आपण त्याच पोरीच्या तोंडावर सांगितलं होतं, हे मावशींना आठवलं. त्यावर तिने, पण पडलात तर, एवढंच विचारलं होतं.

त्या चहा न घेता निघाल्या. वाटेत हमरस्त्यावर गाडी हळू केली, पण आता तिथे कुणी चालत नव्हतं. पोरं केव्हाच पोचली असतील. किंवा ट्रेन चुकली असेल.

पुढच्या शनिवारी त्यांनी थर्मास पुन्हा पुढच्या सीटवर ठेवला. चष्मेवाली तो बघून निमूटपणे मागे जाऊन बसली. वाटेभर आरशात तिचा चेहरा हिरवट पडत गेला. मावशींनी काच खाली केली, एवढंच. स्टेशनवर सगळे उतरले, ती मात्र बसून राहिली.

"मावशी, तुम्हाला कळलंय ना?"

"कळलं. दुसऱ्याच्या जावयाबरोबर हिंडतेस हे तुझ्या आईला ठाऊक आहे का?"

तिला अर्थ लागायला वेळ लागला. लागला तेव्हा ती चक्क किंचाळली. "ते? त्यांच्या बुटांना सतत चिखल असतो! आणि ते फक्त बसबद्दल बोलतात!"

मावशींना हसू फुटणार होतं, ते त्यांनी दाबलं. "मला का नाही विचारलंस? सरळ येऊन सांगायचं, मावशी, आम्हाला बस हवीय."

चष्मेवालीने चष्मा काढून पुसला. "भीती वाटली. तुम्ही आम्हाला गाडीत घेणं बंद केलंत तर? बस मिळेपर्यंत आमच्याकडे तुमच्याशिवाय होतंच काय? आरशातून तुम्ही अशा बघता, की वाटायचं, यांना आधीच कळलंय."

मावशी स्टिअरिंगवर हात ठेवून विचार करत राहिल्या. केलं असतं का आपण बंद? केलं असतं. पहिल्याच दिवशी केलं असतं. ही पोरगी आपल्यावर संशय घेत होती आणि तिचा संशय खरा होता. आपण तिच्यावर घेतला तोही अर्धा खरा निघाला. कुणी कुणाची माफी मागावी, हे काही त्यांना उमजेना. त्यांनी थर्मासमधला चहा झाकणात ओतून मागे दिला. "घे. रंग बघ तोंडाचा."

बस सुरू झाली. पहिल्या दिवशी मावशी गाडी घरी ठेवून, तिकीट काढून तिच्यात बसल्या, खोड काढायलाच. बस उशिरा आली. ड्रायव्हर ब्रेक असा मारायचा, की उभी माणसं पुढच्याच्या पाठीवर आदळायची. पण गेटवर भराभर पोरं चढली, चाकांच्या बॅगा घेऊन चढली, आणि हमरस्त्याच्या कडेला एकही माणूस चालताना दिसला नाही. मावशी शेवटपर्यंत खिडकीतून त्या कडेकडेच बघत होत्या. घरी जाता जाता लेकीकडे डोकावून म्हणाल्या, "ब्रेक वाईट आहेत."

दिवस मात्र कठीण आले. शनिवार-रविवार गाडी अर्धी रिकामी धावायची, मग तेही थांबलं. निळ्या गाड्यांवाल्याने एक गाडी विकून टाकली, त्याचाही मावशींना वाटला होता तेवढा आनंद झाला नाही. लेक बाळंत झाली. दवाखान्यात जावयाने बाळ हातात दिलं, तेव्हा मावशींनी आधी बाळाच्या मनगटावरची पट्टी वाचली, मग पाळण्यावरची चिठ्ठी वाचली, दोन्ही जुळल्यावरच त्याचा पापा घेतला. नर्स हसली. "अदलाबदल होते," मावशी गंभीरपणे म्हणाल्या.

तिथेच जावई चाचरत म्हणाला, "आई, विमानतळाचं बघा ना. तो पलीकडच्या शहरात. तिथे आमची बस कधीच जाणार नाही. नवी पोरं उतरतात ती एवढं सामान घेऊन, त्यांना आणायला कुणी नसतं."

यात याचा काय फायदा, हा पहिला विचार मावशींच्या मनात आला. त्यावर त्यांनी बरेच दिवस डोकं शिणवलं. स्वतः जाऊन विमानतळावर उभ्या राहून बघून आल्या. नवी पोरं खरंच उतरत होती, सामानाच्या ढिगाजवळ उभी राहून फोनकडे बघत होती, आणि गोड बोलणारे लोक त्यांच्याभोवती घिरट्या घालत होते. फायदा काही सापडला नाही. मग त्यांनी काम धरलं.

सत्राच्या सुरुवातीला चष्मेवालीच त्यांच्याबरोबर आली. तिच्या देशातून एक नवी मुलगी येणार होती आणि तिला इथली भाषा येत नव्हती. सकाळचं विमान होतं. मुलगी बाहेर आली. लहानसर, कपाळावर आठ्या, दोन्ही बॅगांचे पट्टे मनगटाला गुंडाळलेले. चष्मेवालीने ओळख करून दिली, तरी ती बॅग सोडेना. मावशींनी हात पुढे केला तशी ती एक पाऊल मागे सरकली आणि तिच्या भाषेत भराभर काही बोलली.

"काय म्हणते?"

"म्हणते, मला या ओळखीच्या नाहीत," चष्मेवाली संकोचून म्हणाली. "आणि मीही नाही. आईशी बोलल्याशिवाय ती गाडीत बसणार नाही."

फोन लागला. पलीकडून एका बाईचा करडा आवाज आला. चष्मेवाली मध्ये उभी राहून इकडचं तिकडे करायला लागली. तुमचं नाव काय? गाडी कुणाच्या नावावर आहे? किती वर्षं चालवता? वाटेत कुठे थांबणार? घरी कोण कोण असतं? मावशी ताठ उभ्या राहिल्या आणि एकेका प्रश्नाचं उत्तर सविस्तर देऊ लागल्या. लेक, जावई, नातू, सगळं सांगितलं. मग पलीकडच्या बाईने थोडं थांबून आणखी काही विचारलं. चष्मेवालीने ते सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"सांग की," मावशी म्हणाल्या.

"त्या म्हणतात, तुम्ही सगळ्या प्रश्नांची उत्तरं इतकी पटापट का देता? आधीच पाठ करून आलात का?"

मावशी क्षणभर फोनकडे बघत राहिल्या. मग बऱ्याच दिवसांनी त्या पोटापासून हसल्या. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. "तिला सांग," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "मी मुळीच घाईत नाहीये. आणखी काय विचारायचं असेल ते सगळं विचार म्हणावं."